इब्रामपूरचे ससे आणि गरम पेज

पेडणे स्थानकावर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, ग्राहक संरक्षण कायद्याची प्रत आणि कोरे कागद होते. सशांना द्यायची पोटाची पूड बनावट निघाली आणि पिले मरत आहेत, एवढेच इब्रामपूरहून भाची शेवंतीने फोनवर सांगितले होते. न्यायाधीशांचे निकाल टंकलिखित करण्यात माझी नोकरी सरली. असल्या प्रकरणी गप्प बसणे मला जमत नाही.

काजूच्या बागांमधून बस इब्रामपूरला पोचली. शेवंती वाटेवरच उभी होती. "मामा, इलात तां बरां झालां. आज आणखी मेली."

खाण बंद पडल्यापासून तिच्या नवऱ्याचा ट्रक दारात उभा आहे. घर चालते ते मागच्या पडवीतल्या सशांवर. पिंजऱ्यांपाशी आंबूस वास होता. नुकतीच आईपासून तोडलेली पिले पोट फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती.

शेवंतीने मातीच्या मडक्यातली वाफाळती पेज (उकड्या तांदळाचा पातळ, पाणीदार भात) पिलांच्या वाट्यांत ओतली आणि प्रत्येकीत कुलेरभर (चमचाभर) पूड ढवळली. या मुलखात आजाऱ्याला पेजच देतात. मलाही तीच वाढली, पुडीवाचून, सोबत खारातली कैरी. तिची निगा पाहून माझा संताप वाढला. ओसरीवर बसून मी तक्रारीचा मसुदा केला आणि त्यात सर्वांत भक्कम पुरावा म्हणून लिहिले: 'अर्जदार हे औषध रोज ताज्या, गरम पेजेतून स्वतःच्या हाताने देत असे.'

दुसऱ्या दिवशी मेलेले पिलू आणि पुडी घेऊन डिचोलीस गेलो. पूड विकणाऱ्या दुकानदाराला विचारले, "ही कशी द्यायची, हे सांगितले होते?"

"खाण्यातसून घाला म्हटलां. तुमी वकील?"

"नाही."

"मगे कोर्टात साक्ष कोण देतलो? ससो?" दुकानातली गिऱ्हाइके हसली. मी त्याला कलम वाचून दाखवले. तो पेंडीचे पोते शिवू लागला.

सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्य बाईंनी पिलाचे पोट उघडून पाहिले, मग मसुदा वाचला. त्या वाक्यावर त्यांचे बोट थांबले.

"गरम म्हणजे किती?"

"चुलीवरून उतरलेली."

"काका, या पुडीत पोटाला उपकारक असे जिवंत जिवाणू असतात आणि चारा पचवणारी विकरे. इतक्या उष्णतेत ती टिकत नाहीत. उरते ती पेज. दूध तुटलेल्या पिलाला सुके गवत हवे. पेज त्याच्या पोटात आंबते."

पुडी उलटी करून त्यांनी मला भिंग दिले. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तेच छापले होते: गरम पदार्थात मिसळू नये. शेवंतीला इंग्रजी येत नाही. इब्रामपुरात कितीजणांना येते, हे छापणाऱ्याने कधी विचारले असेल?

परतलो तेव्हा ती चुलीपाशी होती. मी सगळे सांगितले.

"म्हणजे मियांच मारलंय त्यांका?"

"तुला वाचता येईल अशी एक ओळ त्यावर नव्हती. कायद्याने ही उत्पादकाची—"

"कायदो मागीर, मामा. हय का नाय, तां सांगा."

"होय," मी म्हणालो.

तिने मडके उचलले आणि पेज माडाच्या बुंध्याशी ओतली. मग कोयता घेऊन गवताला गेली.

घरी येऊन मी तक्रार धाडली. पेजेचे वाक्य विरुद्ध पक्ष तिच्यावरच उलटवील, हे मला कळते. तरी ते खोडले नाही. जी बाई आजारी जनावराला घरच्या माणसाप्रमाणे पेज भरवते, तिला समजेल अशा भाषेत इशारा न छापणे हाच माझ्या मते गुन्हा आहे, आणि तो त्या वाक्यावाचून सिद्ध होत नाही.

काल शेवंतीचा फोन आला. शेवटचे पिलूही मेले, पिंजरा रिकामा झाला. नवऱ्याला ताप आहे.

"मामा, त्यांका पेज दिली तर चलात मां?"

मी "दे" म्हणालो. "गरम दिली तरी?" तिने विचारले.