लोचोरोचा चिमटा

मोरोटोच्या दवाखान्यात डॉक्टर लोचोरोच्या हाताखाली शिकलेला माणूस बोटांवरून ओळखू यायचा. ऑपरेशनमध्ये कुणी चुकलं की लोचोरो लोखंडी चिमटा उलटा धरून त्याच्या बोटाच्या सांध्यावर हाणायचा. "माझ्या गुरूनं मला असंच घडवलं," असं वर ऐकवायचा. त्याचं स्वतःचं मधलं बोट वाकडं होतं आणि ते तो पदकासारखं मिरवायचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, खरं आहे. पण दगडाला निदान बोलायचं तरी नसतं.

नाचापला बोलायचं होतं. सर्जन व्हायला आलेली ही पोरगी लोचोरोसारखीच गुराख्याच्या घरची. गुरं लुटायला आलेल्यांनी एका तरुणाच्या पोटात गोळी घातली होती. लोचोरो फाटलेलं आतडं शिवत होता आणि टेबलावरून नाचापच्या पायावर कोमट रक्त ठिबकत होतं.

"सर, इथे…"

चिमटा बसला. "हात हलला तुझा! शेळ्या राखायला आलीस का इथं?"

ती गप्प झाली. तरुण संध्याकाळी गेला. आईनं त्याला पुसायला कुशीवर वळवलं, तेव्हा गोळी आरपार गेल्याचं कमरेमागचं भोक सगळ्यांना दिसलं.

"तुला कळलं होतं?" लोचोरोनं विचारलं.

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

नाचापनं सुजलेली बोटं पुढे धरली.

वरिष्ठांनी लोचोरोला राजधानीत, कंपालाला धाडलं. सर्जनांना शिकवायचं कसं, ते शिकवणारा वर्ग होता तिथे. पन्नाशी उलटलेला हा गडी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बाकावर बसला. शिकवणाऱ्या नाब्वीरेबाई म्हणाल्या, "गुरूचा सगळ्यात जबर मार आठवा."

लोचोरोनं ऐटीत वाकडं बोट वर केलं.

"बरं. चूक काय झाली होती तुमची?"

लोचोरोनं डोकं खाजवलं. गुरूचे लाल डोळे आठवले, हाडाचा कट्ट आवाज आठवला. चूक काही केल्या आठवेना. आधी हसणारे बाकीचे सर्जनही मग आपापली बोटं बघू लागले.

परत आल्यावर त्यानं सगळ्यांना गोळा केलं. "काही दिसलं की बोला. मला शिव्या द्या, पण बोला."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं," थोरल्या सिस्टर पुटपुटल्या.

पुढच्याच लुटीत पुन्हा एकाला आणलं. गोळीनं पोट फाटलेलं, टेबल रक्तानं निसरडं. लोचोरो आत कोपरापर्यंत बुडाला होता.

"थांबा, सर!"

त्याचा हात आपसूक उठला. चिमटा नाचापच्या सांध्यावर बसला आणि हातमोज्यासकट कातडी फाटली. या खेपेला तिनं हात मागे घेतला नाही.

"मारा अजून! पण पाठीतून रक्त जातंय त्याच्या! वळवा त्याला!"

वळवलं. भोक सापडलं. नाचापनं त्याच रक्ताळल्या बोटानं ते दाबून धरलं आणि लोचोरोनं धमनी बांधून ते शिवलं. माणूस वाचला.

हात धुवायच्या हौदापाशी लोचोरो तिच्यासमोर उभा राहिला. त्यांच्या लोकांत गुन्हेगार आपल्या पाठीवर बरोबरीच्यांच्या काठ्या घेतो, मग बैल कापून सगळ्यांना जेवू घालतो, आणि विषय मिटतो. त्यानं चिमटा तिच्या हातात दिला आणि आपला पंजा कठड्यावर ठेवला.

"मार. बैलही देईन."

नाचापनं सगळा जोर लावून हाणला. लोचोरो गुरासारखा ओरडला.

"आता सांगा, सर," ती धापा टाकत म्हणाली. "भोक कुठल्या बाजूला होतं? डाव्या की उजव्या?"

त्यानं तोंड उघडलं. घटकेपूर्वी त्यानंच शिवलेलं भोक. पण डोक्यात फक्त ठणका होता.

"नाही ना सांगता येत?" नाचापला रडू फुटलं. "त्या दिवशी चिमटा बसल्यावर माझ्याही डोक्यात एवढंच उरलं होतं, सर. आणि त्या पोराचं रक्त माझ्या पायावर पडत होतं."