दादाला न पोचलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

माझा दादा जन्मापासून बहिरा. कुंडलच्या शाळेत त्याला उशिरा घातलं, म्हणून आम्ही एकाच वर्गात. सर शिकवायचे आणि मी घरच्या खुणांनी त्याला सांगायचे. त्यातलं त्याच्यापर्यंत कितीसं पोचायचं? थोडंच. तरी गणितात तो माझ्या पुढं असायचा — आणि ते मला खुपायचं. हो, सख्ख्या भावाचं खुपायचं.

नववीत गणिताच्या सरांनी आम्हा दोघांना थांबवलं. मला म्हणाले, "पोराचं डोकं लय चांगलं हाय. शाळा सुटल्यावर रोज थांबायला सांग त्याला, मी शिकवतो. तू पण थांब."

दादा माझ्याकडं बघत होता — काय म्हणाले सर?

मी खुणेनं सांगितलं — तुला जमणार नाही म्हणतायत.

आणि सरांना म्हणाले, "त्याला नको हाय, सर."

एवढंच. त्या दिवसापासून दादानं गणिताला हात लावला नाही. वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायचा. "त्याला शिकायचंच न्हाई," आई म्हणायची. सरही तेच म्हणायला लागले. मी ऐकत होते. एकदा तरी तोंड उघडलं? नाही. तो दहावीला नापास होऊन उसाच्या भांगलणीला, तण काढायच्या मजुरीला गेला, मी सांगलीला कॉलेजात.

पुढं शिरवळच्या कारखान्यात त्याला त्याच्यासारखाच एक बहिरा मित्र भेटला. त्यानं दादाला हातांची खरी भाषा शिकवली, ड्यूटी सुटल्यावर पुस्तकं घेऊन बसवलं. जे सर करणार होते, ते त्यानं केलं. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू?

यंदा दादा बाहेरून दहावीला बसला, पास झाला — सगळ्यात जास्त मार्क गणितात! साताऱ्याच्या स्टँडवरून कंदी पेढे घेऊन थेट माझ्या घरी आला. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि हातांनी भराभरा काहीतरी बोलला. मला नाही समजलं. माझ्या लेकीला समजलं — मामाकडून शिकलीय ती. एक शब्द इकडचा तिकडं न करता तिनं सांगितलं, "मामा म्हणतोय, शाळेत तू होतीस म्हणून मला थोडं तरी कळलं."

मी तो पेढा खाल्ला. त्याच्यासमोर, त्याच्याकडं बघत.