दोरीपलीकडचा बर्फ

आधी सुहासचं नाव घेतो. ते घेतल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही. आणि पुढचं जे आहे ते मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, गावी आईपाशी नाही, रोज ज्यांच्यासोबत भट्टीशी उभा राहतो त्या पोरांपाशीही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुहास पुण्याचा. टोकियोतल्या एका विद्यापीठात संशोधन करायचा. नावाआधी डॉक्टर. मी चिडवायचो, "डॉक्टर, अंगात कणकण आहे, गोळी द्या की." तो म्हणायचा, "माझे पेशंट प्लास्टिकचे तुकडे, त्यांना कणकण येत नाही." मी संगमेश्वरकडचा, नववीत शाळा सोडलेला. टोकियोतल्याच निशी-कासाईच्या एका भारतीय हॉटेलात तंदूरवर.

आमची गाठ पडली ती मोठ्या भूकंपानंतर. ओळखीची कितीतरी कुटुंबं मिळेल ते विमान धरून निघून गेली होती. मालक मला म्हणाला, जायचं तर जा, पण परत आलास तर जागा असेलच असं नाही. मी राहिलो. सुहासही राहिला होता, आणि त्या ओस पडलेल्या हॉटेलात रोज एकटा जेवायला यायचा. जमीन हलली की आम्ही दोघं आधी छताच्या दिव्याकडे बघायचो, मग एकमेकांकडे. माझ्या खोलीच्या भिंतीला तडा गेला होता, झोप लागायची नाही. हे त्याला कळलं आणि तो मला सरळ फुनाबोरीला आपल्या घरी घेऊन गेला. "एकच अट," म्हणाला, "अहो-जाहो बंद. नाहीतर भांडी तू घासायचीस." कुठल्या वारी कुठला कचरा काढायचा इथपासून व्हिसाच्या अर्जापर्यंत सगळं त्यानेच केलं. माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं — आणि हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

तर, बर्फ.

त्याच्या लॅबची दर हिवाळ्यात स्कीइंगची सहल असायची. सेन्सेई, म्हणजे त्याचे प्राध्यापक, आणि चार-सहा विद्यार्थी. बाहेरच्या कुणाला नेत नसत. भूकंपानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सुहासने माझ्यासाठी शब्द टाकला. टोकियोत पडतो तो बर्फ दुपारपर्यंत चिखल होतो. खरा बर्फ याने बघितलेलाच नाही, असं त्याने सांगितलं म्हणे. सेन्सेई लगेच हो म्हणाले. वर स्वतःचे जुने हातमोजे माझ्यासाठी घेऊन आले. मऊ, आतून लोकरीचे. मला — रोट्या लावणाऱ्या माणसाला!

डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि हळू आवाजात काही सांगितलं. सुहासने मला मराठीत समजावलं, "ती लाल दोरी दिसते ना? तिच्या पलीकडे जायचं नाही. एक गेला तरी सगळ्यांना खाली पाठवतात. इथे एकाची चूक सगळ्यांची असते, बाबा."

मला समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. समजलं होतं.

सकाळभर सुहासने मला खालच्या उतारावर शिकवलं. गुडघे वाकव, टाचा बाहेर, टाचा! मी पडायचो, तो हसायचा. मग आम्ही लिफ्टच्या खुर्चीत बसून वर गेलो. पाय लोंबकळत होते, त्यांच्याखालून झाडं मागे चालली होती. हळूहळू आवाज कमी होत गेले. वर पोचलो तेव्हा एका विद्यार्थ्याची स्कीची पट्टी बुटापासून सुटली होती. सुहास म्हणाला, "इथेच थांब, याचं बघून येतो."

तिथे, दोरीपलीकडे, ती झाडं होती.

कशी सांगू? वारा आणि बर्फ बसून बसून झाडं झाडं राहिलीच नव्हती. पावसाळ्यात आमच्याकडे इरली पांघरून, वाकून माणसं लावणी करतात — तशी, पण सगळी पांढरी, माणसाच्या तिप्पट उंच, आणि सगळी गप्प. डोंगरभर. मधला बर्फ कुणी न शिवलेला, नुकत्या चाळलेल्या मैद्यासारखा. ऊन पडलं की त्यात निळं काहीतरी हलायचं. भट्टीचा घुमणारा आवाज माझ्या कानांत कायम असायचा, झोपेतही. तो तिथे थांबला. पहिल्यांदाच. मला वाटलं, देव असलाच तर तो असा गप्प असेल.

मी पट्ट्या काढल्या, दोरीखालून वाकलो आणि आत गेलो.

किती वेळ चाललो कोण जाणे. एका झाडाच्या बुंध्याशी पाय टाकला आणि छातीपर्यंत आत गेलो. खाली पायाला काहीच लागेना. हलावं तर आणखी खाली. आणि खरं सांगू? तेव्हाही भीती नंतर आली. आधी मी वर बघत राहिलो, तो पांढरा माणूस माझ्यावर झुकला होता तिकडे.

सुहास माझ्या पावलांच्या खुणांवरून आला. आडवा पडून, आपली काठी पुढे करून त्याने मला ओढून काढलं. शिव्या देत होता. "गाढवा, झाडाशेजारच्या बर्फात माणूस बुडाला की सापडत नाही! काय सांगू मी तुझ्या आईला?"

तो पट्ट्यांवर पुढे निघाला. मी मागून, चालत. दोरीशी लाल जॅकेटातला राखणदार उभाच होता. त्याने सुहासला पकडलं. मी अजून झाडांमागे होतो. थोडा बाजूने वळसा घालून बाहेर आलो, माझ्या पट्ट्यांपाशी जाऊन उभा राहिलो. कुणी बघितलं नाही.

सुहास कमरेतून वाकून माफी मागत होता. माझं नाव त्याने घेतलं नाही. राखणदार फोनवर बोलायला वळला तेवढ्यात तो माझ्यापाशी येऊन भरभर म्हणाला, "तू आत्ता गप्प बस. सेन्सेई आले की त्यांना तू स्वतः सांग. मी सांगितलं तर सबब सांगतोय असं होईल. इथे ज्याची चूक त्यानेच तोंडाने म्हणायची असते. घाबरू नकोस, चांगला माणूस आहे."

सेन्सेई आले. साठीच्या पुढचे, पांढऱ्या केसांचे. त्यांनी काहीच विचारलं नाही. टोपी काढली आणि त्या पंचविशीतल्या राखणदारापुढे वाकले. इतके खाली, की मागून बर्फच दिसत होता, डोकं दिसत नव्हतं. आणि तसेच राहिले. मी त्या डोंगरावर पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती झाडं नव्हती. ती पाठ होती.

मग सुहासला राखणदाराने कागदावर सही करायला बाजूला नेलं आणि सेन्सेई माझ्याकडे आले. स्वयंपाकघरातली जपानी मला येते. त्यांनी मला कळेल असं, सावकाश विचारलं, "तुम्हीही आत गेला होतात का?"

मी मान हलवली. नाही.

अंगावर छातीपर्यंत बर्फ चिकटलेला होता. मी म्हणालो, "पडलो. इथे."

त्यांनी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, माझ्या पाठीवरचा बर्फ स्वतःच्या हाताने झटकला. "थंडी वाजत असेल," म्हणाले.

सहल तिथेच संपली. सगळ्यांना खाली उतरवलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या सुहासने हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हणालो. "हसले."

हसले! हे मला कुठून सुचलं? नुसतं "हो" पुरलं नसतं का? सुहासने मोठा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. टोकियो येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. तेवढंच केलं.

नंतर सुहासच्या बोलण्यात येऊ लागलं की सेन्सेई फार औपचारिक झालेत. पूर्वी चहाला हाक मारायचे, आता मारत नाहीत. त्याच्या नोकरीची मुदत दर वर्षी वाढायची, त्या वर्षी वाढली नाही. त्या दिवसामुळेच? मला माहीत नाही. निधी संपला असेल, दुसरंही काही असेल. पण मी ते कधी शोधायला गेलो नाही, कारण शोधायला गेलो असतो तर सांगावं लागलं असतं. सुहास पुस्तकं खोक्यांत भरत होता. मी कणीक मळत होतो. तो मध्येच थांबून म्हणाला, "कळत नाही रे, माझं काय चुकलं."

परातीतून हात न काढता मी म्हणालो, "चहा टाकू?"

व्हिसाची भीती होती, मालकाची होती, शाळेपासून मास्तरांपुढे जीभ अडते — हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही त्या "हसले"ला लागू पडत नाही. बसमध्ये मला कसली भीती होती? शेजारी फक्त सुहास होता.

तो आता पुण्यात शिकवतो. दिवाळीला फोन करतो. "त्या डोंगरावर परत जायचं बरं का," म्हणतो. मी हो म्हणतो. इतक्या वर्षांत मी त्या झाडांइतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. डोळे मिटले की अजून तशीच उभी असतात, वाकलेली. हातमोजे माझ्याकडेच आहेत. परत द्यायचे राहून गेले.

सेन्सेई निवृत्त झालेत. कुठे राहतात ते मला माहीत आहे, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. सुहास, एक दिवस मी ते हातमोजे घेऊन त्यांच्या दारात जाईन. ते वाकले होते तेवढा वाकेन. आत मी गेलो होतो, सुहास मला काढायला आला होता, एवढं माझ्या मोडक्या जपानीत म्हणेन. आणि मग तुला फोन करीन. ते काय म्हणाले, ते या वेळी खरं सांगेन.