ओंकारच्या हातातली बॅट

१. बॅनरवर ओंकारच्या हातात बॅट आहे. ती त्याची नाही.

२. मूळ फोटो मी काढलेला. त्यात त्याच्या हातात गेमचा कंट्रोलर आहे.

३. ओंकारला जाऊन आज वर्ष झालं. डेंग्यू.

४. पुढच्या महिन्यात डोंबिवलीत त्याच्या नावाने अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा आहे. 'कै. ओंकार स्मृती चषक'.

५. ओंकारला क्रिकेट आवडत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो आणि मी डिप्लोमाला एका बॅचला होतो. तो डोंबिवलीचा, मी ठाण्याच्या कोपरीची. नोकऱ्या वेगळ्या लागल्या, पण ऑनलाइन गेममधली आमची पाच जणांची टीम शेवटपर्यंत तीच राहिली.

स्पर्धा भरवतोय तो प्रसाददादा. ओंकारचा सख्खा मोठा भाऊ, त्यांच्या बिल्डिंगच्या टीमचा कॅप्टन. व्हॉट्सअ‍ॅपवर बॅनरचं डिझाइन बघून मी त्याला फोन केला.

"दादा, बॅट कोणी लावली?"

"डिझाइनवाल्याने. मीच सांगितलं. हातात तो रिमोट होता गं, बरं दिसत नव्हतं."

"कंट्रोलर."

"तेच ते. क्रिकेटच्या बॅनरवर रिमोट कसा चालेल?"

"आणि ओंकारच्या नावाला क्रिकेट कसं चालेल?"

 तो म्हणाला, "मला दुसरं काय येतं गं?"

 

पण 'आवडत नव्हतं' म्हणजे काय, ते नीट लिहिते. लोक सोपं कारण धरून बसतात. स्क्रीनला चिकटलेला असायचा. घाम नको होता.

चूक. घामाचं म्हणाल तर तो कल्याणला सायकलने जायचा. मे महिन्यातसुद्धा.

बिल्डिंगच्या क्रिकेटमध्ये तो लिंबूटिंबू होता. म्हणजे खेळायला घेतलाय, पण मोजलेला नाही. आउट झाला तरी आउट नाही, रन काढले तरी रन नाहीत. लहान पोरांसाठी ही सोय असते. ओंकारची ती दहावीपर्यंत चालली.

शाळेत पीटीच्या तासाला सर त्याला सगळ्यांच्या बॅगा सांभाळायला बसवायचे. "तू कुठे खेळतोस? बस इथे."

मला तर लिंबूटिंबू म्हणूनही कोणी खाली बोलावलं नाही. त्यामुळे हे समजून घ्यायला मला वेळ लागला नाही.

ओंकारच्या ऑफिसमध्येही मॅचच्या दिवशी मीटिंग रूममध्ये स्क्रीन लागायची.

"अरे, तू बघत नाहीस? इंडियन आहेस ना?"

हसत हसत विचारायचे. पण प्रत्येक मॅचला विचारायचे.

त्याचा राग बॅट-बॉलवर नव्हता. खेळता येत नाही म्हणजे माणसातच काहीतरी कमी आहे, हे सगळे गृहीत धरतात, त्यावर होता. आमच्यासारख्या बऱ्याच जणांचं हेच आहे. बोलत नाही, एवढंच.

तो संत नव्हता, हेही लिहायला हवं. मॅच बघणाऱ्या प्रत्येकाला तो बिनडोक समजायचा. "हे लोक जिंकलो म्हणतात. हे कधी खेळले?" मी त्याला सांगायचे की तूही आता तेच करतोयस, माणसं मोजतोयस. तो विषय बदलायचा.

आणि गेमिंगमध्ये सगळं छान आहे असंही नाही. मी माईक ऑन केला की काय काय ऐकावं लागतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण आमच्या गेममध्ये त्याने स्वतःचं नाव 'लिंबूटिंबू' ठेवलं होतं. काम हीलरचं. म्हणजे मागे राहून बाकीच्यांना जिवंत ठेवायचं. एकदा आमच्यापैकी एकाच्या जागी तेवढ्यापुरता एक अगदी कच्चा प्लेयर आला. आमच्यातला एकजण वैतागला, "अरे काढ ना याला, हरवतोय आपल्याला."

ओंकार म्हणाला, "तो मेला की आपला एक कमी होतो ना? मग तो टीममध्ये आहे. चल पुढे."

आता मुद्द्याचं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. दादा फायनल जिंकून आलेला, काकू, म्हणजे ओंकारची आई, त्याला गरम थालीपीठ वाढत होत्या. ओंकार म्हणाला, "दादा, स्पर्धेत एक नियम कर. प्रत्येक टीमने एक लिंबूटिंबू खेळवायचा. आणि त्याला मोजायचं. आउट पण, रन पण."

"वेडा आहेस का? मॅच हरायची मग?"

"हरा की. दर वेळी माझ्याशिवाय जिंकता, एकदा माझ्यासकट हरा."

सगळे हसले. काकू, दादा, मीसुद्धा. ओंकारही हसला.

पण तो गंमत करत नव्हता. त्याचं बोलणं मी इतकी वर्षं ऐकलंय, मला फरक कळतो.

म्हणून दादा, माझं म्हणणं एवढंच आहे. हा नियम घे. प्रत्येक टीममध्ये एकजण असा, ज्याला आजवर कोणी घेतलं नाही. मुलगा असो, मुलगी असो. त्याचा आउट मोजायचा, त्याचे रन मोजायचे. मग चषकावर ओंकारचं नाव खुशाल ठेव. मी स्वतः तुझ्या टीममधून उतरते. मला बॉल धड पकडता येत नाही, हे आधीच सांगते.

नियम नको असेल तर स्पर्धा जरूर घे. तुझी आहे, चांगली होते. फक्त नाव काढ.

बॅट मात्र दोन्ही बाबतीत काढायची. मूळ फोटो तुला पाठवलाय.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगून मग इथे टाकतेय. बाकीच्या टीम्सचे कॅप्टन माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, आणि नियम त्यांनाही मान्य व्हायला हवा.

ओंकार, तुझ्या जागी नवीन हीलर आलाय. फार कच्चा आहे. आम्ही रोज हरतो.

काढलेला नाही.

नीट राहा, जिथे असशील तिथे.

दादा, बॅनर शुक्रवारी छापायला जातोय. हो की नाही, गुरुवारपर्यंत कळव.