बस आणि बेस

मी काय काम करते हे कळलं की लोक एकदम हळू आवाजात बोलायला लागतात. डहाणूच्या बाजारात बोंबलांच्या भावावरून सगळा रस्ता डोक्यावर घेणारी बाईसुद्धा माझा हात हातात घेते आणि म्हणते, किती पुण्याचं काम गं तुझं. डोंबलाचं पुण्य! स्वमग्न मुलांबरोबर दिवस काढते आणि हसून हसून पोट दुखेपर्यंत दमून घरी येते. 'लक्ष दे' म्हटलं की तलासरीहून येणारा आमचा एक पठ्ठ्या खिसे चाचपतो आणि शांतपणे सांगतो, माझ्याकडे नाही. आता यात त्याचं काय चुकलं, सांगा.

ही गोष्ट मात्र घोलवडच्या एका सहा वर्षांच्या मुलीची. तिची आई चिकूच्या वाडीत फळं निवडून खोक्यांत भरते. पोर बोलत नसे, आणि आईही बोलत नसे. आमच्या केंद्रात तिला सोडायची, न्यायला यायची, लेकीशी मधे एक शब्द नाही. मला वाटायचं, बाई स्वभावानेच घुमी असेल. बोर्डीच्या बाजूची एक शाळा मुलीला पहिलीत घ्यायला तयार झाली होती. अट एवढीच, की सांगितल्यावर तिनं बसलं पाहिजे. आईचा सगळा जीव त्या अटीत अडकला होता. मी हेडमास्तरांना छातीठोकपणे सांगून ठेवलं, बस म्हटलं की बसते हो.

केंद्रात ती खरंच बसायची. आम्ही खुर्चीचं चित्र दाखवायचो आणि तोंडाने 'बस' म्हणायचो. ती चित्र बघून बसत होती आणि शाबासकी आमच्या शब्दाला मिळत होती.

भेटीच्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिने टेबलाभोवती गोल फिरायला सुरुवात केली. सर प्रेमाने म्हणाले, "बस, बाळ." ती जागच्या जागी थांबली. सरांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पाय तर थांबलेच होते, म्हणून तिने हलणारे हात थांबवले. सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा थांबवायला काही उरलं नव्हतं, तर पोरीने श्वास रोखून धरला. गाल टम्म फुगले. सर माझ्याकडे बघायला लागले, आणि मी पर्समध्ये तोंड खुपसून ते चित्र शोधायला लागले. मेलं ते केंद्रातच राहिलं होतं.

दाराशी उभ्या असलेल्या आईला राहवलं नाही. "बेस ने, दीकु," ती म्हणाली.

पोर जाऊन बसली. खोलीतल्या सगळ्यात मऊ खुर्चीत, म्हणजे हेडमास्तरांच्याच.

घर गुजराती बोलणारं. त्या घरात बसायचं म्हणजे 'बेस', आणि 'बस' म्हणजे पुरे. तिने सरांचा शब्द तंतोतंत पाळला होता. सर याच पट्ट्यात वाढलेले, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते उभ्या उभ्या हसायला लागले. जूनपासून पाठवा म्हणाले, आणि माझी खुर्ची तेवढी मला परत मागून द्या, असंही म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आले तर आई रडत होती. मी म्हटलं, अहो घेतलं ना तिला, आता कशाला रडता? मग तिने अडखळत मराठीत सांगितलं. शहरातल्या एका डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीशी एकच भाषा बोला, शाळेची, नाहीतर ती गोंधळेल. आईला स्वतःलाच मराठी धड येत नाही. आपली चूक लेकीला भोवायला नको, म्हणून हिने तिच्याशी बोलणंच टाकलं. न्हाऊ घालताना, भरवताना, थोपटून झोपवताना, सगळं न बोलता. आज मात्र तोंडातून निसटलं.

मला असा संताप आला की काय सांगू. त्या डॉक्टरांचा आला, आणि बाईला घुमी ठरवणाऱ्या माझाही. पण ती माझं तोंड बघत होती, मी आता रागावणार म्हणून. पदराने डोळे पुसून तिने हळूच विचारलं, "बेन, आता घरी मी हिच्याशी बोलू ना?"