छिन्नीला दिलेलं पाणी

निजाम लोहाराचं घर लोणावळ्यात वळवणकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत चूल आणि मध्ये कुडाची भिंत. भिंतीला दार नव्हतं, नुसती जायची वाट ठेवलेली होती. चाँदबी कार्ल्याहून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सासूने तिला आधी भाता दाखवला आणि चूल नंतर. "ह्यो नीट वढलास तर चूल आपसूक पेटंल," सासू म्हणाली. पुढे ती सासूही गेली आणि घरात दोघंच उरली. मूलबाळ झालं नाही.

ते दिवस धरणांचे होते. आसपासच्या खोऱ्यांत पाणी अडवायची मोठी कामं चालली होती आणि काळा दगड फोडायला कुठून कुठून माणसं आली होती. मावळातल्या वाड्यांवरचेही पुष्कळ होते. काळ्या दगडावर छिन्नी फार टिकत नाही. तोंड बोथट झालं की लोहाराकडे यायचं. लोहार ते तापवून, ठोकून पुन्हा टोक काढतो आणि मग छिन्नीला पाणी देतो.

पाणी देणं म्हणजे नुसतं बुडवणं नव्हे. टोक पिकल्या तोंडल्यासारखं लाल झालं की तेवढंच पाण्यात धरायचं. त्याने पोलाद काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच ठिसूळही. म्हणून ते लगेच बाहेर काढून दगडाच्या कपचीने घासून लख्ख करायचं आणि बघत बसायचं. दांड्यात राहिलेली धग हळूहळू टोकाकडे सरकते आणि त्या लख्ख जागेवर रंग धावू लागतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग कारवीच्या फुलासारखा जांभळा, शेवटी निळा. जांभळा टोकाला पोचला की त्याच क्षणी सबंध छिन्नी पाण्यात. पिवळ्यावर घाई केली तर ती फुटते, निळ्यापर्यंत रेंगाळलं तर दगडावर वाकते. हे रंग उजेडात नीट दिसत नाहीत, म्हणून निजामची पुढची खोली भरदुपारीही अंधारी असायची.

निजामच्या हाताची छिन्नी फुटत नाही, असं दगडफोडे म्हणत. तो बोलायला कमी, पण या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि तो त्याच्या चालण्यात दिसायचा.

डोळे कधीपासून उतरायला लागले ते त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिला ते कळलं ते एका छिन्नीवरून. ती भात्यापाशी बसली होती. त्याने छिन्नी घासली, डोळ्यांसमोर धरली. जांभळा आला, टोकाला पोचला, निळा झाला, तरी हा बघतच होता.

"अवो, निळी झाली की," ती म्हणाली.

गिऱ्हाईक बाहेर ओट्यावर होतं. निजामने छिन्नी खाली ठेवली आणि तिच्याकडे मान वळवली. ती जिथे बसली होती त्याच्या जरा बाजूला तो बघत होता. मग म्हणाला, "हळू बोल."

रात्री जेवताना त्याने एवढंच सांगितलं, की माणसं दिसतात, घण दिसतो, वाट दिसते. पण आगीतले रंग सगळे राखेसारखे दिसतात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने डोळ्यांत बघून मान हलवली होती. आयुष्यभर आगीत बघितलं त्याचं हे फळ.

"लोकांना कळलं तर हितं कुणी येणार न्हाई," तो म्हणाला.

"कशाला कळंल? माझं डोळं हायेत की," चाँदबी म्हणाली.

तेव्हापासून दोघांची एक रीत बसली. भाता ओढून झाला आणि त्याने छिन्नी पाण्यातून काढली की ती उठायची, चुलीकडे जायला निघाल्यासारखी त्या कुडाच्या वाटेत उभी राहायची आणि तिथून छिन्नीच्या टोकाकडे बघायची. जांभळा आला की विचारायची, "भात उतरवू का?" निजाम "उतरव" म्हणायचा आणि छिन्नी पाण्यात जायची. ओट्यावरची माणसं हसायची. निजामभाऊच्या घरी दिवसभर भातच शिजतो म्हणायची. निजामही हसायचा. छिन्नी पाण्यात गेल्यावर तिच्याकडे न बघता तो हसायचा, तेव्हा चाँदबीला फार बरं वाटायचं. लग्नाच्या नव्या दिवसांतही ती दोघं एकमेकांच्या इतकी जवळ नव्हती. अशी काही वर्षं गेली.

येणाऱ्यांत लोहगडवाडीचा कान्हू होता. तो आणि त्याची बायको चिमा दोघं मिळून काम करायची. चिमा बसून छिन्नी दगडावर उभी धरायची, प्रत्येक घावानंतर जराशी फिरवायची, आणि कान्हू उभा राहून घण घालायचा. बाकीचे गडी दुसऱ्या गड्याच्या हातात छिन्नी देत, पण चिमा म्हणायची, "ह्यांचा घण मला वळखतो." कान्हू कधी छिन्न्या घेऊन आला की निजामशी घटकाभर बोलत बसायचा. निजामने जीव लावावा असं बाहेरचं माणूस तेवढं एकच होतं.

मग मानमोडीची साथ आली. इन्फ्लुएन्झा हे नाव लोकांना नंतर कळलं. घरटी माणूस पडत होतं आणि कामावरच्या झोपड्यांतून रोज कुणी ना कुणी जात होतं. चाँदबीलाही ताप भरला. ती मागच्या खोलीत गोधडीत पडून राहिली, तिला दिवस कळेना की रात्र. निजाम तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होता. भट्टी थंड होती.

अशात कान्हू आला. कामावरचे निम्मे गडी आजारी होते आणि मुकादमाने सांगितलं होतं की जो उद्या कामावर नसेल त्याची जागा दुसऱ्याला जाईल. कान्हूच्या सगळ्या छिन्न्यांची तोंडं गेली होती.

"भाऊ, भाभी आजारी हाये, मला दिसतंय," तो म्हणाला. "भाता मी वढतो. निदान एक तरी करून द्या."

निजाम त्या वेळी नाही म्हणू शकला असता. भट्टी पेटवायची नाही, बायको आजारी आहे, एवढं कारण पुरलं असतं. पण कान्हूने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. निजामने कोळसे घातले.

टोक काढण्यात काही अडचण नव्हती, ते हात करत होते. धग ठोक्याच्या आवाजावरून ओळखून पहिलं पाणीही दिलं. मग त्याने छिन्नी घासली आणि समोर धरली. कान्हू भात्यापाशी बसून तिच्याकडेच बघत होता. रंग कसा दिसतोय, एवढंच विचारायचं होतं. निजामच्या ओठांपर्यंत ते आलं असणार, कारण कान्हूने पुढे चाँदबीला सांगितलं, की भाऊ माझ्याकडे वळले, तोंड उघडलं आणि मिटलं. मग निजामने मनाशी अंदाज धरला आणि छिन्नी बुडवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या छिन्नीचं टोक दगडात तुटलं. छिन्नी कलली आणि घण चिमाच्या उजव्या हातावर आला. दवाखान्यात तिची चार बोटं काढावी लागली.

चाँदबी उठून बसू लागली तेव्हा शेजारणीकडून तिला हे कळलं. निजामने सांगितलं नव्हतं. तो ओट्यावर बसलेला असायचा, आणि कुणी काम घेऊन आलं तर तिच्या आजाराचं कारण सांगून परत पाठवायचा. तुटलेली छिन्नी कुणी तरी परत आणून टाकली होती. चाँदबीने ती उचलून दाराशी नेली. तुटल्या जागेच्या कडेला रंग अजून होता. वाळल्या गवताचा पिवळा.

"तुमी कुणाला बोलला का?" तिने विचारलं.

"काय बोलू?"

"कान्हू काय म्हणतो?"

निजाम म्हणाला, "तो म्हणतो, त्याचाच घण चुकला. काम सोडून वाडीवर गेलाय. चिमाशी बोलत न्हाई म्हणतात. जेवायला तिच्यासमोर बसत न्हाई."

"मग त्याला सांगाया पायजे."

"नको," निजाम म्हणाला. "त्यानं हात परत येणार हाये का?"

पण चाँदबीला ते सोडवेना. भात करताना, पाणी भरताना तिच्या डोळ्यांसमोर तो माणूस यायचा, बायकोकडे पाठ करून जेवणारा. अंगात थोडं बळ आल्यावर एके सकाळी ती माहेरी जाते म्हणून निघाली. भाताची पोती नेणारी एक बैलगाडी कार्ल्याच्या बाजूला चालली होती, तिच्यात बसली, आणि पुढे भाजे ओलांडून पायी डोंगर चढून लोहगडवाडीला गेली. वाटेत दर थोड्या वेळाने तिला बसावं लागत होतं.

चिमा अंगणात होती. डाव्या हाताने नाचणी सुपात ओढायचा प्रयत्न करत होती. कान्हू गोठ्यापाशी उभा होता, चाँदबीला बघून पुढे आला. चाँदबीने बसायच्या आधीच सांगितलं.

"कान्हू, तुझा घण चुकला न्हाई. छिन्नीचं पाणीच चुकलं व्हतं. ह्यांना रंग दिसत न्हाईत. मी सांगायची, तवा ते पाणी द्यायचे. त्या दिशी मी तापात पडलेली."

चिमाने सूप खाली ठेवलं.

"कदीपासनं दिसत न्हाई?" कान्हूने विचारलं.

"लय दिस झालं."

"मी भात्यापाशी बसलो व्हतो," कान्हू म्हणाला. "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

एवढं बोलून तो गोठ्याच्या मागे गेला. थोड्या वेळाने तिथून त्याचं रडणं ऐकू आलं. चिमा उठली, त्याच्याकडे गेली. चाँदबी अंगणात एकटीच बसून राहिली. निघताना चिमाने तिला वेशीपर्यंत सोबत केली. तिथे आपला चांगला हात तिच्या खांद्यावर ठेवला.

घरी आल्यावर चाँदबीने नवऱ्यापासून काही लपवलं नाही. निजामने ऐकून घेतलं.

"माझे डोळे गेले व्हते ते माझ्या घरात," तो म्हणाला. "तू ते गावात नेलेस."

त्याने तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. पुढच्याच बाजाराला ऐरण आणि घण देऊन टाकले, भाता मोडला. गावात गोष्ट पसरली होती की नाही कोण जाणे, पण पसरली असं तो धरून चालला. चाँदबी एका पारशाच्या बंगल्यावर भांडी घासायला आणि झाडायला जाऊ लागली. ती शिजवायची ते निजाम जेवायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा. पण हळूहळू जेव्हा त्याला माणसंही दिसेनाशी झाली, तेव्हाही त्याने तिचा हात धरला नाही. भिंतीला हात लावत चालायचा. मशिदीत जायचं तर शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारायचा. चाँदबी ओट्यावर उभी राहून दोघांना जाताना बघायची.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. घाटातून विजेवर चालणाऱ्या गाड्या सुरू झाल्या, त्यांचा आवाज निराळा होता, आणि निजामने एकदा विचारलं होतं की ही कसली गाडी. त्या काळातलं त्याचं तेवढंच आपणहून विचारलेलं तिला आठवत होतं. आणि एक शेवटच्या आजारातलं. छातीत कफ भरला होता. ती त्याला पेज भरवत होती. त्याने वाटी बाजूला केली आणि विचारलं, "कान्हूचं कसं चाललंय?"

चाँदबीने जे बाजारात ऐकलं होतं ते सांगितलं. दोन म्हशी आहेत. चिमा डाव्या हाताने सगळं करते, गवतही कापते. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आणखी?" तिला आणखी काही माहीत नव्हतं. त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्याच आठवड्यात तो गेला.

तिसऱ्याच्या दिवशी कान्हू आला. केस पिकले होते. घरात बायका होत्या म्हणून तो ओट्यावरच बसला. चाँदबी डोक्यावर पदर घेऊन दाराच्या आत बसली.

"भाऊ काय बोलले व्हते का?" त्याने विचारलं.

"तुझं नाव घेतलं. कसं चाललंय इचारलं."

कान्हू हळू आवाजात म्हणाला, "भाभी, तुमी त्या दिशी आला नसता तर मी घर सोडून जाणार व्हतो. चिमाच्या हाताकडं बघवत नव्हतं. तुमी सांगून गेला आणि त्या सांजंला मी तिच्याजवळ बसून जेवलो. मला भाऊंचा राग व्हता, न्हाई असं न्हाई. पण तो राग गेला. लय आधीच गेला."

"हे त्यांना सांगायचं व्हतंस," चाँदबी म्हणाली.

"येणार व्हतो. दर साली म्हणायचो, औंदा जाऊ. पाय उचलला न्हाई."

चाँदबीने त्याला चहा दिला. त्याने तो प्याला, कप उपडा ठेवला आणि अंधार पडायच्या आत डोंगर चढायचा म्हणून निघाला. बायका एकेक करून घरी गेल्या. मग चाँदबी उठली, ओट्यावरचा कप उचलला आणि मागच्या खोलीत जाऊन भांडी घासायला बसली.