डॉक्टरांनी सांगितलं, असं मी म्हणाले

दापोडीत रेल्वेलाइनच्या अलीकडे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं एक दुकान आहे. मी त्या बाजूने जात नाही. स्टेशनला जायचं असलं तरी मागच्या गल्लीने वळसा घालते. दुकानदाराने माझं काही वाईट केलेलं नाही. उलट त्याने विचारलं होतं, आणि मी त्याला खोटं सांगितलं.

औषध माझ्या मोठ्या भावाचं होतं. आम्ही मूळचे बीडकडचे. दादा आधी इकडे आला आणि चाकणला एका फोर्जिंगच्या कंपनीत लागला. तापवलेलं लोखंड ठोकून गाडीचे भाग घडवतात तिथे, भट्टीसमोर त्याची ड्यूटी असायची. मग लग्न झालं, वहिनी आली, मुलगी झाली. माझा संसार मोडला तेव्हा त्याने मलाही बोलावून घेतलं. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली बघून दिली, तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामाला लावून दिलं. लोक काय म्हणतील हे त्याने मला कधी ऐकू दिलं नाही.

एका रविवारी तो वर आला. आत न येता दारातच उभा राहिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "बाई, मूळव्याधीचं औषध आण गं. तुझ्या वहिनीला सांगू नको, उगं काळजी करती."

मी विचारलं, रक्त पडतंय का? थोडं पडतंय म्हणाला. भट्टीपुढे उभं राहून उष्णता झाली असणार. मला ते पटलं. गावाकडे कितीतरी जणांना हा त्रास होता, कोणी त्याचा बाऊ केला नव्हता. तो स्वतः दुकानात जात नव्हता, कारण कंपनीची बस तिथेच थांबायची आणि त्याची सगळी माणसं तिथे उभी असायची.

मी मलम आणि गोळ्या आणल्या. त्याला जरा बरं वाटलं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा आणल्या, मग पुन्हा. सहाव्या की सातव्या खेपेला दुकानदाराने पुडी हातात देता देता थांबवली. वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, पेशंट कोण, किती दिवस झाले. घरातलेच आहेत, वर्ष होत आलं, मी सांगितलं.

"मूळव्याधच आहे, हे कोणी सांगितलं?"

माझ्या मागे तीन-चार माणसं उभी होती.

"डॉक्टरांनी," मी म्हणाले.

कुठल्याही डॉक्टरने काही सांगितलेलं नव्हतं. दादा कोणाकडे गेलाच नव्हता. दुकानदार म्हणाले की तरी एकदा दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगा, वर्षभर रक्त पडणं बरं नाही. मी मान हलवली आणि निघाले. घरी आले तेव्हा दादा सेकंड शिफ्टच्या घाईत होता. पुडी त्याच्या हातात दिली, निरोप दिला नाही. संध्याकाळी देऊ म्हटलं, मग उद्या, मग राहूनच गेला. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला लाज वाटली, एवढंच. त्याहून मोठं कारण शोधून पाहिलं, ते सापडलं नाही.

पुढच्या वर्षात दादा वाळत गेला. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभा राहायचा. कंपनीच्या तपासणीत त्याचं रक्त कमी निघालं, मोठ्या डॉक्टरांना दाखवा असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद त्याने कपाटातल्या वर्तमानपत्राखाली सारला. वहिनी त्याला बीट आणि गूळ-शेंगदाणे खायला घालत राहिली. मी दिवसभर वर्कशॉपमध्ये नग तपासते. जरा शंका आली की तो बाजूला काढून ठेवते, कोणाची परवानगी लागत नाही. घरातल्या माणसाच्या बाबतीत मात्र मी दीड वर्ष शंका उराशी धरून बसले.

एक दिवस कामावरच त्याचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात. बरोबरच्या लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं. आतडं बंद झालं होतं. ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर सर्जनबाईंनी मला आणि वहिनीला बाजूला बसवलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता.

मी विचारलं, हे कधी सुरू झालं असेल.

"बरीच वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या. "आतड्याच्या आतल्या बाजूला आधी छोटा कोंब येतो, आम्ही त्याला पॉलिप म्हणतो. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला वर्षं लागतात. तोपर्यंत दिसला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो, पोट उघडावं लागत नाही. निदान रक्त दिसलं तेव्हा आले असते, तरी बरंच काही करता आलं असतं. घरात कोणालाच कळलं नव्हतं का?"

वहिनी खाली बघत होती. मीही खाली बघितलं.

मग त्यांनी माझं वय विचारलं. एकोणचाळीस, मी म्हणाले. सख्ख्या भावाला एवढ्या लवकर झालाय, तेव्हा त्रास व्हायची वाट न बघता ही तपासणी करून घ्या, असं त्यांनी बजावलं आणि कागदावर लिहूनही दिलं.

दादा त्यानंतर अकरा महिने होता. एका दुपारी वहिनी दळण आणायला गेली होती आणि मी त्याच्या उशाशी बसले होते. तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय.

"बाई, त्या दुकानदारानं कधी काही विचारलं नव्हतं ना?"

मी नाही म्हणाले.

"मंग माझंच चुकलं," तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.

त्या एका क्षणात मी खरं सांगू शकले असते. त्याने मला काही केलं नसतं, जन्मात कधी केलं नव्हतं. तो स्वतःचीच चूक समजून गेला.

तो गेल्यावरही मला खालच्या मजल्यावरचं पाणी ऐकू येत राहिलं. शेवटच्या दोन वर्षांत तो सकाळी फार वेळ संडासात असायचा आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतायचा. तो आवाज पाइपातून माझ्या खोलीत यायचा. आता तिथे भल्या सकाळी कोणी पाणी वापरत नाही, मला ठाऊक आहे. तरी मी चहा टाकता टाकता थांबते आणि किती तांबे झाले ते मोजते.

सर्जनबाईंचा कागद माझ्याकडे दोन वर्षं पडून होता. भीती वाटत होती, हे खरंच. पण त्याशिवाय एक गोष्ट होती. जो निरोप मी दादाला दिला नाही, त्यावर मी स्वतः कोणत्या तोंडाने वागायचं?

शेवटी भाचीने विचारलं. दादाची मुलगी आता हिंजवडीत नोकरी करते. ऑफिसच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला वडिलांच्या आजाराबद्दल खोदून विचारलं होतं. तिला पस्तिशीपासून दुर्बिणीची तपासणी करावी लागेल, आणि आत्या असेल तर तिने आधी करायला हवी, असं सांगितलं होतं. शनिवारी दुपारी ती वर आली.

"आत्या, बाबांना रक्त कधीपासून पडत होतं? आईला विचारलं तर ती उठून आत गेली. तुला माहीत आहे?"

मी सगळं सांगितलं. दुकान, पुडी, दुकानदाराचा प्रश्न, माझं उत्तर. दादाने विचारलेलं आणि मी नाही म्हणालेलं, तेही. तिने पर्स उचलली आणि ती खाली गेली. आठ दिवस तिने मला जिन्यातही ओळख दिली नाही. नवव्या दिवशी मोबाइलवर तिचा मेसेज आला. त्यात दवाखान्याची वेळ होती, आदल्या दिवशी काय खायचं ते होतं, आणि शेवटी 'मी रजा टाकली आहे' एवढंच.

तपासणीत सांगण्यासारखं फार काही नाही. आदल्या दिवशी औषधाचं पाणी लिटरभर-लिटरभर प्यायचं, पोट पार धुऊन निघतं, तो भाग कंटाळवाणा. दवाखान्यात हाताला सुई लावली आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा सगळं झालं होतं. दोन पॉलिप निघाले, दोन्ही तिथेच काढले. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण एक पुढे तसा होऊ शकणाऱ्या जातीचा होता. तीन वर्षांनी पुन्हा यायला सांगितलं. मला तोपर्यंत काहीही होत नव्हतं. रक्त नाही, दुखणं नाही, वजनही तेवढंच. त्या रिपोर्टापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

तपासणीच्या दिवशी रिक्षाने परतताना मी भाचीला विचारलं, किती वेळ लागला गं.

"अर्धा तास," ती म्हणाली. मग तोंड बाहेर वळवलं. नाशिक फाट्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती रडत होती. "अर्धा तास, आत्या."

रिपोर्ट घेऊन मी वहिनीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. भाचीने तिला काही सांगितलं नव्हतं, म्हणून मीच सांगितलं. औषध मी आणत होते, दुकानदाराने मला विचारलं होतं, मी लपवलं. ती तांदूळ निवडतच राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही.

"धुणं मीच धूत होते ना," ती म्हणाली.

तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"त्यांचे कपडे गार पाण्यात वेगळे भिजत घालायचे, डाग जावेत म्हणून. त्यांनी पोरीची शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. दवाखान्यात त्या बाईंनी विचारलं, कळलं नव्हतं का, तवा मला वाटलं तू माझ्याकडंच बघायलीस."

मी तिची समजूत घातली नाही, तिने माझी घातली नाही. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, त्या तपासणीत दुखतं का. नाही, म्हटलं, झोपच लागते. डॉक्टरांनी पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनीच याबद्दल विचारावं असं सांगितलं होतं, तेही तिला सांगितलं.

"मग माझंबी नाव घाल," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन गेले. तिचं सगळं स्वच्छ निघालं. मी कागद घेतले, चप्पल तिच्यापुढे सरकवली, निघू या म्हणाले. ती बाकावर बसून राहिली. समोरच्या भिंतीला लावलेलं आतड्याचं चित्र बघत होती. "ह्यांचंबी एवढ्यात झालं असतं की," ती म्हणाली.